दारापुढचं तळं

वाट नवी झाली तर धाकटीचा फायदा उघड होता. बाबा या घरातच राहणार होते. बाबा राहिले की घर राहणार होतं, आणि घर राहिलं की तिचं शिवणयंत्र खिडकीपाशी होतं तिथून हलणार नव्हतं. याखेरीज आणखी एक फायदा होता. तो ती कोणाला बोलून दाखवत नव्हती, पण मनातल्या मनात त्यालाच पहिला नंबर होता. बाबांच्या तोंडून एकदाचा "चुकलं" हा शब्द बाहेर पडणार होता. त्या शब्दाची वाट पाहत आई गेली, असं धाकटीचं ठाम मत होतं. आई गेल्यावर बांगड्या वहिनीकडे गेल्या, भांडीकुंडी वाटली गेली, आणि ही एवढी येणे बाकी धाकटीने कोणालाही न विचारता स्वतःच्या नावावर करून घेतली.

वाट म्हणजे घराच्या दारापासून फाटकापर्यंत टाकलेल्या दगडी फरश्या. एकेक फरशी वाटेच्या पूर्ण रुंदीची, चांगली जाडजूड, आणि दोन्ही अंगांना उभ्या दगडांची बुटकी कड, डावीकडच्या कडेत पाणी जायला मधेमधे फटी. दिसायला झकास. पण ही वाट इतकी सपाट होती की तिच्यावर पडलेल्या पाण्याला जावं कुठे तेच कळत नसे. पावसाचं असो, झाडांना घातलेलं असो, ताटात वाढल्यासारखं ते तिथेच बसून राही. मग शेवाळ धरे. मग कोणीतरी घसरे.

याचं कारण बाबा सुतार होते. सुताराच्या लेखी जगात दोन जातीच्या वस्तू असतात, पाणसळीत बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या. काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की बाबांचा चेहरा उजळायचा. कोणाच्या घरी जेवायला गेले तरी ते आधी टेबलाकडे एक डोळा मिटून बघत आणि मग पायाखाली कागदाची घडी सरकवत. ही वाट मुळात एका गवंड्याने घातलेली होती. काम झाल्यावर काही आठवड्यांनी तो सहज बघायला आला, तर फरश्या सपाट. "अहो मिस्त्री, फरशीवर पाणसळ ठेवतात होय! मी उतार दिला होता त्याचं काय केलंत?" असं म्हणून त्याने कपाळावर हात मारला, आणि मग ती गोष्ट तो जिथे जाईल तिथे सांगत सुटला. तेव्हापासून गल्लीत बाबांचं नाव पडलं, पाणसळ. पोरंसोरंसुद्धा म्हणायची, "पाणसळकाकांच्या घरी बॉल गेला."

आई तर बोलण्याची एक संधी सोडत नसे. कोणी पाहुणा फाटकातून चपला हातात घेऊन चवड्यांवर आला की ती दारात उभी राहून मोठ्याने म्हणे, "या, या, सांभाळून. लोकांच्या दारात गाडी असते, आमच्या दारात तळं आहे. एक होडी तेवढी घ्यायची राहिलीय."

हे ती पहिल्यांदा म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी गंभीर चेहऱ्याने एक होडी करून आणली होती. वीतभर लांब, उरलेल्या सागाची, शीड म्हणून रंध्याचा एक रुंद, वळलेला छिलका. ती आईच्या हातात देऊन ते कामावर निघून गेले. आई ती होडी हातात धरून कितीतरी वेळ नुसती हसत होती. मग दादा आणि धाकटी त्या होडीसाठी भांडले, म्हणून दुसरी झाली. पुढे पाऊस थांबला की दोघं शाळेच्या मोज्यांसकट त्या तळ्यात उतरत. आई आतून ओरडे, "अरे मोजे!" आणि ओरडून झाल्यावर खिडकीत येऊन बघत बसे. लाकडाचा भुसा, ओला दगड आणि खिडकीतली आई. धाकटीला लहानपण आठवायचं म्हटलं की एवढंच आठवे, आणि एवढं पुरत असे.

असो. होड्या गेल्या, आई गेली, शेवाळ राहिलं. महिन्यापूर्वी बाबा पाव आणायला निघाले आणि वाटेवर सपशेल आडवे झाले. पाव आणायचा राहिला, उजव्या मनगटाला प्लास्टर आलं.

दादा धावत आला. तो लिफ्ट असलेल्या इमारतीत राहतो आणि बोलताना लिफ्टचा उल्लेख करतो. "बस झालं," तो म्हणाला. "बाबा माझ्याकडे येतील. तिथे लिफ्ट आहे, वॉचमन आहे. हे घर बंद करू, मग पुढचं बघू."

"पुढचं बघू" म्हणजे काय बघणार, हे धाकटीला न सांगता कळलं.

"वाट नवी घातली तर?" ती म्हणाली.

"बाबा हात लावू देतील?"

"मी बघते."

"बघ. महिनाअखेरच्या रविवारी मी बॅग घेऊन येतो. वाट कोरडी दिसली तर बॅग रिकामी नेईन. नाही दिसली तर भरून."

दादाचा फायदाही काही कमी नव्हता. बाबा त्याच्या घरी आले असते तर चार लोकांत मुलाचं नाव झालं असतं, आणि नसते आले तर वहिनीने सुटकेचा श्वास टाकला असता. असा दोन्हीकडून सुरक्षित माणूस दिलदारपणे मुदत देऊ शकतो.

बाबांना विचारायला धाकटी गेली तेव्हा ते डाव्या हाताने चहा पिण्याची सवय करत होते.

"बाबा, वाट उखडायचीय."

"काय झालंय वाटेला?"

"तुम्ही पडलात तिच्यावर."

"मी पडलो. वाट आहे तिथेच आहे." त्यांनी कप ठेवला. "दगड कसा, एकदा बसला की बसला. त्याला उगाच डिवचू नये."

"मग दादाकडे जा. लिफ्ट आहे म्हणे."

बाबा बराच वेळ खिडकीतून वाटेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. घाल तुझी वाट. पण काम झालं की मी पाणसळ लावणार. बुडबुडा मधोमध पाहिजे."

झाली का पंचाईत! सपाट घातली तर दादा बॅग भरणार. उतार दिला तर बाबा उखडायला लावणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे दारापुढचं तळं. धाकटीने विचार केला की आधी काम तर सुरू होऊ दे. अर्ध्या झालेल्या कामापुढे भल्याभल्यांचा हट्ट मऊ पडतो, हे ती अर्धवट बेतलेले कपडे बघून शिकली होती.

पेव्हर ब्लॉक बसवणारा आला तो बोलतच आला. त्याच्या तोंडाला उसंत नव्हती, पण हात चालू असत म्हणून कोणी काही म्हणत नसे. करड्या रंगाचे ब्लॉक फाटकाबाहेर रचून झाले, त्यांच्याजवळ खडीचा ढीग पडला. समोरच्या काकूंनी आपली खुर्ची आपल्या फाटकाशी आणून मांडली. काकूंचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, पण डोळे आणि जीभ शाबूत. फुकटची करमणूक, तीही घराच्या दारात, त्या कशाला सोडतील?

"ताई, या फरश्या कोणी बसवल्या?" ब्लॉकवाल्याने पहार लावत विचारलं.

"गवंड्याने. मग आमच्या बाबांनी सुधारल्या."

"सुधारल्या म्हणजे बिघडवल्याच असतील," तो म्हणाला आणि त्याने फरशीची कड उचलली. त्याचा जोडीदार दुसऱ्या टोकाला लागला. "आईग्गं! केवढं वजन! एकट्यादुकट्याचं काम नाही हे." फरशी बाजूला झाली आणि तो एकदम थांबला. मग मोठ्याने हसला. "ताई, इकडे या. हे बघा. अहो, वाट घातलीय का दरवाजा बसवलाय?"

फरशीखाली, वाळूवर, एका बाजूला लाकडाच्या पाचरी होत्या. डांबरात बुडवलेल्या, निमुळत्या, सुबक. दुसरी फरशी उचलली, तिच्याखालीही होत्या. तिसरीखालच्या कुजून भुगा झाल्या होत्या, पण चौथीखालच्या पुन्हा धडधाकट. सगळ्या एकाच अंगाला. दारातून बाहेर पडताना डाव्या हाताला फुलझाडांचा वाफा होता, त्या अंगाला.

"गवंड्याने वाफ्याकडे उतार दिला होता, बरोब्बर दिला होता," ब्लॉकवाला म्हणाला. "आणि तुमच्या बाबांनी डावी बाजू पाचर मारून वर उचलली! वाळू टाकायची तर लाकूड घातलं! सुतार तो सुतारच."

धाकटीलाही हसू आलं. आता तर पुरावाच हातात होता. "चुकलं" म्हणण्यावाचून बाबांना गत्यंतर नव्हतं. तिने एक चांगली पाचर उचलून डांबरावरची माती अंगठ्याने पुसली. एका अंगाने डांबर उडालेलं होतं, आत अजून सागाचा रंग होता. उताराची ही तिरकस कड, हा सफाईने घेतलेला रंधा. असली वस्तू तिने याआधी कुठेतरी पाहिली होती, पण कुठे ते आठवेना.

"काय गं, काय निघालं? गुप्तधन?" काकूंनी समोरून हाक दिली.

धाकटी पाचर घेऊन त्यांच्या फाटकाशी गेली. "बाबांचं धन. हे बघा. उतार होता, तो पाचरी घालून सपाट केला."

काकूंनी पाचर हातात घेतली आणि चष्मा वर सारला. "होता गं होता उतार. मला चांगला आठवतो. तुझी आई नवीन होती तेव्हा." त्या जरा हसल्या. "आम्ही सगळ्या बायका इथे बसायचो ना, तेव्हा म्हणायचो, पाणसळाची बायको, नाही, तेव्हा त्याला पाणसळ म्हणत नव्हते, सुताराची बायको म्हणायचो, जाताना वाकडी आणि येताना सरळ. घरातून निघाली की अशी डावीकडे झुकायची, अन् बाजारातून परत आली की ताठ. आम्हाला काय, तेवढंच हसायला. कोणी म्हणायची, येताना सरळ येते ती नवऱ्याच्या धाकाने! वाईट म्हणून नाही हो, आपलं वय तसलं. पुढे गेलं ते सगळं. झुकायची थांबली ती. का, देवाला माहीत."

पाचर कुठे पाहिली होती ते तिला आठवलं होतं.

आईचा डावा पाय जरासा आखूड होता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी उच्चारलं नव्हतं. त्या घरात ओरडणं चाले, रुसणं चाले, दादाने एकदा काच फोडून नाकारलेलंही चाललं, पण आईच्या पायाचा विषय निघत नसे. आईच्या डाव्या चपलेत बाबा लाकडाचा पातळ तळ बसवून देत. चप्पल बदलली की नवा तळ. टाचेकडे जाड, पुढे निमुळता. हाच रंधा, हीच कड.

तो तळ सपाट जमिनीवर काम करी. डावीकडे उतरत्या वाटेवर त्याचा काही उपयोग नव्हता. दारातून निघालं की डावी बाजू खाली, आखूड पाय आणखी आखूड. परत येताना तीच बाजू उजवीकडे, म्हणून आई ताठ. आणि समोर, रोज, खुर्च्या मांडून बायका बसलेल्या.

धाकटीने पाचरीसाठी हात पुढे केला. "देता का?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी ब्लॉकवाला गेल्यावर तिने ती पाचर बाबांच्या कपाशेजारी ठेवली. बाबांनी ती डाव्या हाताने उचलली, नाकाशी नेली, प्रकाशाकडे धरून तिच्या कडेवरून नजर फिरवली. आपलं जुनं काम बघताना कारागीर बघतो तसं.

"टिकली की," ते म्हणाले.

"काही टिकल्या. काही नाही."

"त्या न टिकलेल्यांत सागाचा बाहेरचा पांढरा, कच्चा भाग होता. मला तेव्हाच शंका होती." मग जरा थांबून, "ब्लॉकवाल्याने पाहिल्या?"

"पाहिल्या. हसला."

"हसू दे." पाचर त्यांनी खिशात घातली. "काय म्हणाला?"

"म्हणाला, सुतार तो सुतारच."

"बरोबर आहे त्याचं."

धाकटीला आता राहवेना. आयुष्यभर आई या माणसाला चार लोकांत बोलली, तळं म्हणाली, होडी म्हणाली, आणि याने एकदाही सांगितलं नाही की बाई, हे कोणासाठी केलं. "आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही शाळेत नक्की काय शिकली. "फरशीचं वजन पाहिलंस ना आज?"

"दोघांनी उचलली."

"मग तेव्हा दुसरं टोक कोणी धरलं असेल?"

धाकटी खुर्ची ओढून समोर बसली.

"मी म्हटलं माणूस बोलावू, तर नको म्हणाली. माणूस बोलावला की तो विचारणार, सपाट कशाला. मग आम्हीच केलं. ती कड उचलून धरायची, मी पाचर सरकवायचो. हात सोलवटले तिचे. नंतर पाणी साठायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, आता लोक मला हसणार. तर म्हणते कशी, 'हसतील तर हसतील. मीच सुरुवात करते.'" बाबांच्या मिशीत हसू आलं. "आणि केली की! थांबली कुठे मग?"

धाकटी खिडकीशी गेली. बाहेर उखडलेली वाट, तिच्यावर सारखी केलेली खडी. आई दारातून मोठ्याने "तळं बांधलंय या माणसाने" म्हणायची, तेव्हा पाहुणा खाली पाण्याकडे बघायचा, मग बाबांकडे बघून हसायचा. आईच्या पायांकडे कधी कोणी बघितल्याचं धाकटीला आठवेना.

"उतार द्यायला सांग त्याला," बाबा उठताना म्हणाले. "डावीकडे. पूर्वी होता तसा."

"आणि पाणसळ?"

"आता कोणासाठी लावू?"

पुढचे दिवस भराभर गेले. खडी धुम्मसाने ठोकून घट्ट बसवली, तिच्यावर बारीक वाळू पसरली, ब्लॉकवाल्याने दोन नळ्यांवरून फळी ओढून ती सारखी केली, दोरी ताणली आणि एकेक ब्लॉक रबरी हातोड्याने ठोकत तो दारापासून फाटकापर्यंत मागे सरकत गेला. बाबा खिडकीत बसून बघत. एकदाच बोलले, "दोरी ढिली पडलीय," आणि दोरी खरं तर ढिली नव्हती. ब्लॉकवाला म्हणाला, "हो बाबा," आणि त्याने ती ओढल्यासारखं केलं. शेवटी सांध्यांत वाळू झाडूने भरली. जुन्या फरश्या परसात एकावर एक रचून ठेवल्या. त्या फेकायच्या नाहीत असं बाबांनी सांगितलं नाही आणि धाकटीने विचारलं नाही.

रविवारी दादा आणि वहिनी आले. बॅग मोठी होती. ब्लॉकवालाही हजर होता, आपलं काम दाखवायची हौस कोणाला नसते? काकूंची खुर्ची जागेवर.

दादाने स्वतः बादली भरली आणि वाटेवर ओतली. पाणी क्षणभर पसरलं, मग चाल करून डावीकडे निघालं आणि वाफ्यात शिरलं. वाट ओली झाली, पण पाणी थांबलं नाही. दादाला कुठेतरी वाईट वाटल्यासारखं झालं. "गेलं आपलं तळं," तो धाकटीला म्हणाला.

"साहेब, खालून काय निघालं सांगितलं का ताईंनी?" ब्लॉकवाला पुढे सरसावला. "पाचरी! लाकडाच्या! चांगला उतार होता, तो मुद्दाम सपाट केलेला."

"पाचरी?" वहिनी हसली. "पण का बरं? मुद्दाम कोणी करेल असं?"

प्रश्न साधा होता आणि वहिनीचा त्यात काही दोष नव्हता. दादाही बाबांकडे बघू लागला. समोर काकूंनी मान पुढे काढली. धाकटीच्या जिभेवर सगळं आलं होतं. एका वाक्यात बाबांचं उभ्या आयुष्याचं हसं पुसलं गेलं असतं, पाणसळ हे नावसुद्धा. तिने तोंड उघडलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग प्लास्टरचा हात पोटाशी धरून ते वहिनीकडे वळले.

"चुकलं माझं," ते म्हणाले, चांगलं काकूंपर्यंत ऐकू जाईल असं. "बुडबुडा दिसला की मला दुसरं काही दिसत नाही. गवंडी शहाणा होता, मी दीडशहाणा. तुमची सासू सांगून सांगून थकली, मी ऐकलं नाही."

"अखेर!" दादा ओरडला. "आई पाहिजे होती आज हे ऐकायला!"

सगळे हसले. काकू हसल्या, ब्लॉकवाला हसला, बाबा सगळ्यांत जास्त. मग ते फाटकापर्यंत एक चक्कर मारायला निघाले. जाताना वयाने कुरकुरणाऱ्या डाव्या गुडघ्यामुळे आणि उतारामुळे जरा डावीकडे झुकले होते. येताना सरळ आले. ते फक्त धाकटीने पाहिलं.

आता या वाटेचा हिशेब मांडायचा तर दादाने रिकामी बॅग परत नेली, त्यात त्याचं काही गेलं नाही. ब्लॉकवाल्याला मजुरी मिळाली आणि पुढच्या घरी सांगायला एक किस्सा मिळाला. काकूंच्या वाट्याला तर आयुष्यभर करमणूकच आली होती. धाकटीला बाबा मिळाले, खिडकी मिळाली, आणि मागितला होता तो "चुकलं"ही चार साक्षीदारांपुढे पुरेपूर मिळाला. तो घेऊन कुठे ठेवावा ते तेवढं तिला कळेना, कारण आईचं ते येणं कधी नव्हतंच. त्या सपाट वाटेची किंमत दोघांनी लग्न नवं असतानाच वाटून घेतली होती. बाबांनी आपलं नाव दिलं, आईने हात सोलवटून घेतले आणि जन्मभर आरडाओरड करायचं काम पत्करलं. बाकी कोणाला काही पडलं नाही. मुलांचे मोजे तेवढे भिजले, आणि तेही आईनेच पिळून वाळत घातले.